आईचा घोटा आठ महिने दुखतोय, मदत हवी आहे

आई ६१ वर्षांची. श्रावणात मोरीत पाय घसरून उजवा घोटा बाहेरच्या बाजूने मुरगळला. एक्स-रेत फ्रॅक्चर नव्हतं, म्हणून क्रेप बँडेज, गोळ्या आणि शेजारच्या काकूंचा आंबेहळदीचा लेप यावर भागवलं. (तिसऱ्याच दिवशी बाई ओट्याशी उभ्या!)

आता सकाळी बरी असते, पण संध्याकाळपर्यंत घोट्याच्या हाडाखाली सूज येते, बोटाने दाबलं की कळ जाते. जिना उतरताना पाय लचकतो म्हणून कठडा सोडत नाही.

एक डॉक्टर म्हणतात, लिगामेंट (सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा) नीट भरून आलेलं नाही. दुसऱ्यांनी युरिक अ‍ॅसिड ७.२ बघून लगेच गाऊट (युरिक अ‍ॅसिड सांध्यात साचून होणारा आजार) ठरवलं आणि डाळी बंद केल्या. मला ते पटत नाही. गाऊटमध्ये सांधा अचानक लालबुंद, गरम होतो ना, तोही बहुतेकदा अंगठ्याचा? आईला तसं एकदाही झालेलं नाही.

अशा जुन्या मुरगळीवर फिजिओथेरपीने कुणाला फरक पडलाय का? किती दिवसांत? एमआरआय आधी करावा का? आणि घरात फरशीवर घालायला कुठल्या प्रकारची चप्पल बरी? सपाट स्लिपरने दुखणं वाढतंय असं वाटतं.