पोलिसाच्या हातून ‘चुकून’ गोळी सुटली, तर जबाबदार कोण?

अनुराधा (धागाकर्ती)
डिसेंबर २०२३, अलिगढ. पासपोर्टच्या पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात आलेल्या महिलेच्या डोक्यात फौजदाराच्या हातातल्या पिस्तुलाची गोळी लागली आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. सीसीटीव्हीत सगळं दिसतं: कर्मचारी पिस्तूल आणून देतो, फौजदार हाताळू लागतो, नळी थेट समोरच्या बाईंकडे. याला अपघात म्हणायला माझा विरोध आहे. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, झाडायची गोळी बसते त्या कप्प्यात) गोळी, माणसाकडे नळी, चापावर बोट. यातली एक चूक टळली असती तरी त्या वाचल्या असत्या. कायद्यातला अपघाताचा बचाव ‘योग्य काळजी घेतली होती’ या अटीवरच मिळतो. निष्काळजीपणे मृत्यू घडवल्यास पूर्वी कमाल २ वर्षं कैद होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षं. कोणी जखमी झालं की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि तपास दुसऱ्या जिल्ह्याकडे द्यावा.

सरावमैदान
जखमी असेल तर गुन्हा, मान्य. पण सगळा भर शिक्षेवर दिला की छतात किंवा जमिनीत गेलेली गोळी कोणी कळवणार नाही, आणि शिकायचं तर त्याच घटनांमधून असतं.

चूक बहुतेकदा रिकामं करण्याच्या क्रमात होते. आधी मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची. उलट केलं तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत सरकते. गोळी पडलेली पाहून माणूस निर्धास्त होतो आणि चाप दाबतो. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीच्या ९ मिमी पिस्तुलात आणखी एक मेख आहे: मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. त्यामुळे चेंबर न बघताच ‘रिकामं आहे’ असं वाटतं. मॅगझिन परत बसवून चाप दाबला की आत राहिलेली गोळी सुटते.

उपाय महागडा नाही. शस्त्रागाराच्या दाराशी वाळूचा ड्रम हवा आणि नळी त्यात धरूनच पिस्तूल रिकामं करावं. दुसऱ्याने चेंबर डोळ्यांनी बघून, बोटाने चाचपून नोंदवहीत सही करावी. हातात देताना मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकवलेली. माणसांनी भरलेल्या खोलीत टेबलापाशी हे काम होत असेल, तर ते चालू देणारा अधिकारीही दोषीच.

अनुराधा
अधिकाऱ्यावर जबाबदारी हवीच, पण तिच्या आड चाप दाबणारा सुटू नये. न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉक पिस्तुलाचा चाप मुद्दाम जड केला होता: सुमारे १२ पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. तरी २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या अंधाऱ्या जिन्यात पीटर लिआंग या पोलिसाकडून गोळी सुटली, भिंतीवरून उसळली आणि निःशस्त्र अकाई गर्ली ठार झाले. दचकलं की मूठ आवळते. बोट चापावर असेल तर साडेपाच किलो काहीच नाहीत. ज्यूरीने दोषी ठरवलं, न्यायाधीशांनी गुन्हा सौम्य केला, आणि शिक्षा ५ वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक) व ८०० तास समाजसेवा. मला ती अपुरी वाटते.

सरावमैदान
मला नाही वाटत. खटला चालला, दोष सिद्ध झाला, नोकरी गेली. मात्र बोट चापाबाहेर, पिस्तुलाच्या चौकटीवर सरळ ठेवण्याची सवय निकालपत्राने लागत नाही, ती वारंवार सरावाने लागते. वर्षातून एकदा मोजक्या गोळ्या झाडून तर नाहीच.

मोहर
दोघांच्या वादात कुटुंब राहूनच गेलं. फौजदारी खटला रेंगाळला तरी भरपाई अडायचं कारण नाही. नीलाबती बेहेरा खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने पोलीस कोठडीतल्या मृत्यूसाठी थेट राज्याला भरपाई द्यायला लावली. त्याच आधारावर उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्कांसाठीची याचिका) दाखल करता येते. त्यासाठी सीसीटीव्हीचं चित्रण आणि शस्त्रवाटपाची नोंदवही पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या, असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना द्यावा.