मॅममध्ये अ‍ॅस्टेरॉइड्सच्या गोळ्या मूळ मशीनसारख्या झळकवता येतील का? मदत हवी आहे

अटारीचा १९७९ चा, अंतराळातले दगड फोडायचा आर्केड गेम अ‍ॅस्टेरॉइड्स मॅमवर (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारा एम्युलेटर) चालवतोय. गेम व्यवस्थित चालतो, अडचण फक्त दिसण्याची आहे. मूळ कॅबिनेटमध्ये व्हेक्टर मॉनिटर होता. पिक्सेल नाहीत, इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेषा काढायचा. गोळी काढताना झोत एकाच बिंदूवर थबकायचा, त्यामुळे ती दगडांच्या रेषांपेक्षा कितीतरी प्रखर दिसायची आणि मागे फिकट शेपूट राहायचं. माझ्याकडे गोळी म्हणजे नुसता पांढरा ठिपका, रेषांइतकाच उजळ. सगळी मजाच जाते.

सेटअप: लिनक्स लॅपटॉप, इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स, बाहेरचा साधा १०८०पी ६० हर्ट्झ मॉनिटर, एचडीआर (ठराविक भाग जास्त प्रखर दाखवायची सोय) नाही. लिनक्स असल्यामुळे डायरेक्ट३डीवाले (विंडोजवरच्या ग्राफिक्स प्रणालीचे) उपाय नकोत. नवा मॉनिटर घ्यायचं बजेट नाही, आणि खरी व्हेक्टर ट्यूब आणा असं कृपया सुचवू नका!

आतापर्यंत मॅमच्या व्हेक्टर सेटिंगमधली बीमची (झोताची) किमान-कमाल जाडी, इंटेन्सिटी वेट (प्रखरतेचा जाडीवरचा परिणाम) आणि फ्लिकर (लुकलुकणं) बदलून पाहिलं. जाडी वाढवली की स्कोअरचे आकडे लठ्ठ होतात. बीजीएफएक्समध्ये (मॅमचा एक ग्राफिक्स मोड) एचएलएसएल चेन (जुन्या स्क्रीनची नक्कल करणारे इफेक्ट) लावून ब्लूम (उजळ भागाभोवतीची चमक) वाढवला, तर गोळ्यांसोबत अख्खा स्क्रीन धुरकट होतो, काळा रंग काळा राहत नाही.

रेषा बारीक ठेवून फक्त ठिपक्यांनाच ब्लूम आणि शेपूट मिळेल अशी सेटिंग कुणी जमवली आहे का? असल्यास नेमके आकडे द्याल का? की एचडीआर नसलेल्या मॉनिटरवर यापुढे जाताच येत नाही?