हिमवादळात अडकलेले नायक-नायिका आणि बोथट होणारा संशय

अर्धी_वही (प्रश्न):
अलास्काच्या अंतर्भागात, फेअरबँक्सच्या उत्तरेला घडणारी एक रहस्यमय प्रेमकथा मी लिहीत आहे. नायिका लांडग्यांचा अभ्यास करते, नायक लहान विमान चालवतो, आणि तिच्या सहकाऱ्याच्या मृत्यूमागे याचाच हात असावा असा तिला दाट संशय आहे. बाराव्या प्रकरणापर्यंत ताण टिकतो. पुढे उणे ४० अंशांच्या हिमवादळात दोघे एका लाकडी केबिनमध्ये अडकतात, ती गारठून कोसळते, तो तिला ऊब देतो, आणि तिथून संशयाची धार अशी बोथट होते की उरलेली शंभर पाने वादळ ओसरण्याची वाट पाहण्यातच जातात. हा प्रसंगच काढून टाका, असे एका वाचकाने सुचवले, पण माझा जीव त्यातच अडकला आहे. काय करावे?

काजळरेघ:
प्रसंग मुळीच काढू नये. अडचण एवढीच आहे की आपण नायिकेला फार लवकर बेशुद्ध केले आहे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली उतरले की जीभ जड होते, बोटे ऐकेनाशी होतात आणि विचारशक्ती डळमळू लागते. पुढे साधारण ३२ अंशांच्या आसपास थरथरही थांबते. या दोन टप्प्यांमधला काळ आपल्यासाठी सोन्यासारखा आहे, कारण ती शुद्धीवर आहे, पण तिला स्वतःच्या कानांचा भरवसा उरलेला नाही: तो झोपेत खरोखरच मृत सहकाऱ्याचे नाव पुटपुटला, की तो तिचा भास होता?

आणखी एक गोष्ट. अतिशय गारठलेली माणसे अखेरच्या अवस्थेत उकडते आहे असे वाटून अंगावरचे कपडे काढून टाकतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. सहकाऱ्याचा मृतदेह कोटाविना सापडला असेल, तर नायिका त्याला घातपात समजेल आणि नायक हे शांतपणे समजावून सांगेल. आता वाचकाने ठरवायचे, की हे जाणकाराचे बोलणे आहे की आधीपासून तयार ठेवलेली सबब.

उत्तरवारा:
वरील सूचना उत्तम आहे, परंतु मूळ चूक हवामानाची आहे असे माझे मत आहे. त्या भागातली कडाक्याची थंडी बहुधा निरभ्र, निवांत हवेत पडते. ढग आणि वादळ आले की पारा उलट वर चढतो. तेव्हा वादळ उणे १५ला येऊ द्या. ते ओसरेल, आकाश मोकळे होईल, दोघे सुटकेचा निःश्वास टाकतील आणि त्याच रात्री पारा उणे ४०च्या खाली जाईल. गारठलेले इंजिन आधी तापवल्याशिवाय विमान सुरू होणार नाही. शेगडी पेटवली तर धूर वर न जाता झाडांच्या शेंड्यांवर आडवा पसरून राहील, म्हणजे कोणी मागावर असेल तर ऊब आणि लपून राहणे यांपैकी एकच निवडावे लागेल. मग आपली शंभर पाने वाट पाहण्यात जाणार नाहीत.

पुरावा हवा असेल तर तो बर्फातच आहे. पायाखाली दबलेला बर्फ घट्ट होतो. नंतर वारा भोवतालचा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो आणि पाऊलखुणा खड्ड्यांऐवजी उंचवट्यांसारख्या उभ्या राहतात. केबिन गोठलेल्या तळ्याच्या उघड्या काठावर ठेवा. रात्रभर बाहेर पाऊल टाकले नाही असे नायकाने सांगितलेले असावे, आणि सकाळी नायिकेला दारापासून विमानापर्यंत गेलेले ते उंचवटे दिसावेत.

दुपारची_झोप:
दोन्ही उत्तरे पटली. मात्र ऊब देण्याचे काम नेहमी नायकाकडेच का असते, हे मला या प्रकारच्या कादंबऱ्यांत कधी कळलेले नाही. तळ्याचा बर्फ फुटून तोच पाण्यात पडू द्या. अशा पाण्यात हातपाय उपयोगी पडतात ती जेमतेम दहा मिनिटे, आणि ज्याच्यावर तिचा संशय आहे त्याच्याकडे दोर फेकायचा की नाही, हे तिने तेवढ्यात ठरवायचे आहे. आणि कृपया ब्रँडी पाजू नका. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता अधिकच निघून जाते.

अर्धी_वही:
सर्वांचे आभार. ब्रँडी होतीच, ती आत्ताच खोडली. दोराचा प्रसंग केबिनच्या आधी घेते, म्हणजे ते उंचवटे दिसतील तेव्हा तिने त्याला वाचवून झालेले असेल. उत्तरवारा, एक शंका: तिने तिथेच आपला बूट त्या उंचवट्यावर ठेवून पाहिला आणि तो तंतोतंत बसला, तर?