पार्किन्सनमध्ये पाय खिळतात. डीबीएसने चालणे सुधारेल का?

प्रश्न: सिद्धेश्वर तलावाकाठी रोज फेरी मारणारे माझे बाबा आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येताच जमिनीला खिळल्यासारखे उभे राहतात. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीबीएस, त्यांच्यासाठी करावी का?

उत्तर १: पार्किन्सनच्या गोळीचा, म्हणजे लेव्होडोपाचा, अंमल असताना त्यांचे पाय मोकळे होतात का, हे आधी पाहावे. लेव्होडोपाने सुटणारे अडखळणे डीबीएसने बहुधा कमी होते. परंतु गोळी पूर्ण अंमलात असतानाही जे टिकते, त्याला आणि तोल जाण्याला सहसा फारसा उतार पडत नाही. म्हणूनच डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी गोळी थांबवून आणि नंतर देऊन, अशी दोन्ही वेळची चाल तपासतात. घरी मात्र गोळी स्वतःहून थांबवू नका.

उत्तर २: माझ्या आईच्या हाताचा कंप डीबीएसने थांबला, पण पाय अडकतच राहिले. पुढे डॉक्टरांनी यंत्राच्या विद्युत स्पंदांची वारंवारता १३० हर्ट्झवरून (सेकंदाला १३० स्पंद) ६० वर आणली, तेव्हा तिला वळणे जमू लागले. हा बदल सर्वांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवे.

उत्तर ३: उंबऱ्याआधी फरशीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवून पाहा, पट्टी ओलांडायची म्हटले की अडलेले पाऊल पुष्कळदा उचलले जाते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आज नीट पाहिले, गोळीनंतर तासाभराने बाबांनी उंबरा न थांबता ओलांडला. ही नोंद घेऊनच डॉक्टरांकडे जातो.