रग्बीपटू द्युपाँ जवळजवळ नऊ महिने बाहेर, आणि शिक्षा कुणालाच नाही. हे कसं?

तुलूजकर

मी मूळचा सातारचा, गेली अकरा वर्षं फ्रान्समध्ये तुलूजला आहे. इथे आलो तेव्हा रग्बीतलं काही कळत नव्हतं. आता मुलगा तेरा वर्षांचा आहे, गावातल्या क्लबात खेळतो, नऊ नंबरची जर्सी घालतो. नऊ नंबर का, हे तुलूजमध्ये कुणी विचारत नाही. फ्रान्सचा कर्णधार आणि नऊ नंबरचा खेळाडू अंत्वान द्युपाँ इथल्याच क्लबातला आहे.

८ मार्च २०२५, शनिवारची दुपार. डब्लिनमध्ये आयर्लंड-फ्रान्स. पहिल्या अर्ध्या तासातच द्युपाँ खाली पडला. आयर्लंडचे बर्न आणि पोर्टर रकमधली (जमिनीवरच्या बॉलसाठी दोन्ही संघ भिडतात, त्या झुंबडीतली) माणसं हटवायला आत आले, आणि त्या गर्दीत सगळा भार त्याच्या उजव्या गुडघ्यावर गेला. तो उठला तेव्हाच त्याचा चेहरा सांगत होता. गुडघ्यातला लिगामेंट फाटला होता. फ्रान्सने सामना ४२-२७ जिंकला, पुढच्या आठवड्यात स्कॉटलंडला हरवून सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धाही जिंकली. पण आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. प्रशिक्षक गाल्तिए यांनी सामन्यानंतर उघडपणे तक्रार केली. काही झालं नाही. साधी सुनावणीसुद्धा नाही. द्युपाँ परत मैदानात दिसला तो नोव्हेंबरच्या शेवटी.

आता त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट. ३१ जानेवारीला वेल्सला ४३-० हरवताना, सामना कधीच हातात आलेला असताना, आमच्याच रोमाँ न्तामाकने बेन थॉमसच्या डोक्याला खांदा मारला. रेड कार्ड. बंदी. पुढचा इंग्लंडचा सामना हुकला आणि तो फ्रान्स २६-२५ असा एका गुणाने हरला. न्तामाकची चूक होती, त्यात वाद नाही. पण मुलाने मला विचारलं, "बाबा, ज्याच्यामुळे माणूस आठवड्यात बरा होतो त्याला बंदी, आणि ज्याच्यामुळे वर्ष जातं त्याला काहीच नाही?" मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणाला नियम नीट माहीत असतील तर सांगा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

क्रीडाप्रेमी_ठाणे

मी रग्बी फक्त विश्वचषकापुरतं बघतो, पण मला सरळ वाटतं की जखमी खेळाडू जितके दिवस बाहेर, तितके दिवस पाडणाराही बाहेर बसावा. हिशोब संपला.

शिट्टीवाला

@क्रीडाप्रेमी, हा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. कॉलेजात असताना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर खेळायचो, आता वेल्समध्ये शाळकरी मुलांच्या सामन्यांना रेफ्री असतो. दर रविवारी बघतो की अगदी नियमातल्या टॅकलनेसुद्धा (बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) हाड मोडतं, आणि अत्यंत वाईट टॅकल खाऊनही पोरगं उठून पळायला लागतं. दुखापत किती झाली यावर शिक्षा ठरवली तर वाईट मारणारा नशिबाने सुटेल आणि नीट खेळणारा अडकेल.

डोक्याला धक्का लागला की रेफ्री चार प्रश्न याच क्रमाने विचारतो: डोक्याला स्पर्श झाला का? खेळ नियमबाह्य होता का? धोका किती होता? सौम्य करणारं कारण काही आहे का? यात 'लागलं किती' हा प्रश्नच नाही. न्तामाक यात सापडला. २०२३ च्या विश्वचषकात मार्सेयला इंग्लंडचा टॉम करी अर्जेंटिनाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला असाच सापडला होता. आधी पिवळं कार्ड, मग बंकरमध्ये, म्हणजे मैदानाबाहेरच्या व्हिडिओ कक्षात, बसलेल्या अधिकाऱ्याने फेरतपासणी करून ते लाल केलं. तीन सामन्यांची बंदी. टॅकल सुधारण्याचा अभ्यासक्रम केला तर शेवटचा सामना माफ होतो, म्हणून तो दोन सामने बाहेर बसला. त्याच्याच कर्णधाराला, ओवेन फॅरलला, ती सवलत नव्हती. तो अभ्यासक्रम त्याने जानेवारीतच वापरून संपवला होता.

फॅरलचं प्रकरण मुद्दाम वाचा. १२ ऑगस्ट २०२३, वेल्सच्या टेन बाशमवरचा टॅकल. सुनावणीत सुटला. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने अपील केलं आणि चार सामन्यांची बंदी लागली, त्यात विश्वचषकातले अर्जेंटिना आणि जपानचे सामने गेले. निकाल लोकांना पटो न पटो, निदान दोन्ही बाजूंची कारणं सगळ्यांना वाचायला मिळाली.

आता डब्लिन. रकमध्ये बॉलवर वाकलेल्या माणसाला हटवायची परवानगी आहे. पण त्याच्या अंगावर आपला भार टाकायचा नाही आणि पायांवर नेम धरायचा नाही, हे नियम ९.२० मध्ये आहे. प्रश्न नेम धरला की तोल गेला, एवढाच. सामन्यानंतर तपासणारे साइटिंग कमिशनर लाल कार्डाच्या पातळीचा गुन्हा दिसला तरच प्रकरण पुढे नेतात. त्यांना तसं दिसलं नाही. मी रिप्ले बरेच वेळा पाहिला आणि मला तो तोल गेल्यासारखा वाटला. पण तुमच्या मुलाचा राग मला पूर्ण कळतो. सुनावणी झाली तर निकाल वाचता येतो, झालीच नाही तर हातात काहीच येत नाही. कर्णधाराचा गुडघा गेला असेल तर 'का नाही' हे दोन परिच्छेदांत लिहून द्यायला काय हरकत आहे? मला हे मनापासून वाटतं.

तुलूजकर

दादा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. चार प्रश्न मुलाला वाचून दाखवले. तो म्हणाला, मग २०२३ चं काय? तेव्हा नामिबियाच्या डेझेलने द्युपाँच्या गालाचं हाड मोडलं होतं.

शिट्टीवाला

त्याने बरोबर प्रश्न काढला. २१ सप्टेंबर २०२३, मार्सेय, फ्रान्स ९६-०. डोकं डोक्यावर आदळलं, डेझेलला लाल कार्ड, त्याचा विश्वचषक तिथेच संपला. द्युपाँ ऑपरेशन करून २४ दिवसांत डोक्यावर टोपी घालून दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात उतरला. म्हणजे तिथे उलट झालं. तराजू दोन्ही वेळा तोच होता, फक्त त्यात दुखापतीचं वजन नव्हतं.

गुडघेवाली_कोल्हापूर

मी फिजिओ आहे, माझ्याकडे बहुतेक पैलवान आणि कबड्डीची पोरं येतात. नऊ महिने ऐकून लोक दचकतात, पण लिगामेंट नवीन बसवल्यावर ते मजबूत व्हायला तेवढा वेळ लागतोच. नऊ महिन्यांआधी उतरणाऱ्यांचं पुन्हा फाटण्याचं प्रमाण जास्त असतं. द्युपाँच्या माणसांनी घाई केली नाही, हे मला फार आवडलं. आमच्याकडे घरचे चौथ्या महिन्यात विचारतात, "मॅडम, मॅटवर कधी?"

दुसरं म्हणजे टॅकल खाली नेण्याबद्दल. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये काही तरुण खेळाडू दगावले, त्यानंतर २०१९ पासून हौशी रग्बीत टॅकल कमरेपर्यंत खाली आणला. तालमीत आम्ही वर्षानुवर्षं हेच शिकवतो: पट काढायचा (समोरच्याचे पाय धरून पाडायचं) तर डोकं बाजूला, खांदा मांडीला, नजर वर. पट काढणाऱ्या पोराचं डोकं सहसा कुणाच्या डोक्याला लागत नाही. तुलूजकर, मुलाला एखाद्या सुट्टीत इकडे घेऊन या, लाल मातीत चार दिवस पट काढून बघू दे.

तुलूजकर

ताई, दिवाळीला येतोय, नक्की आणतो. त्याच्या क्लबातही कमरेचाच नियम आहे, पण रकमध्ये पोरं अजून अंगावर पडतात. गेल्या शनिवारी समोरच्या मुलाने तीनदा आमच्या एका पोराच्या पायांवर अंग टाकलं, रेफ्री बॉलच्या पलीकडे होता. मी काठावर उभा होतो आणि ओरडलो नाही. ओरडायला हवं होतं का?

शिट्टीवाला

ओरडू नका. काठावरून आलेला प्रत्येक आवाज मला सारखाच ऐकू येतो. मिनिट आणि जर्सीचा नंबर कागदावर लिहून मध्यंतरात तुमच्या कोचला द्या. तो रेफ्रीला सांगेल, आणि दुसऱ्या अर्ध्यात रेफ्री त्या बाजूला उभा राहील.