मुंबई "बांधली कोणी"? कालच्या पोस्टला उत्तर

लालबागचा नातू:
काल इथे एकानं लिहिलं, "मुंबई इंग्रजांनी आखली, पारशी-गुजराती शेठियांनी पैसा घातला, बाकीचे नुसते पोट भरायला आले." रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय. पोट भरायला आले, मान्य, पण आल्यावर राहिले कुठे हे कधी विचारलंत? माझे आजोबा कोकणातून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले ते थेट गावकीच्या, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत. दहा बाय बाराची खोली, पंचवीस माणसं, भिंतीला ओळीनं ट्रंका, आणि तीन पाळ्या असल्यामुळे एक उठून गिरणीत गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगार झाल्यावर. ही सोय कुठल्या गव्हर्नरानं केली? कामाठीपुऱ्यात तेलुगू कामाठी, मदनपुऱ्यात उत्तरेकडचे मोमीन विणकर, सगळ्यांनी आपापल्या माणसाला असंच आत ओढून घेतलं, म्हणून हे शहर वाढलं.

डोंगरीकर:
पोस्ट माझीच. भावना समजतात पण क्रम उलटा लावू नका. 1668 ला ईस्ट इंडिया कंपनीनं ही बेटं वर्षाला 10 पौंड भाड्यानं घेतली तेव्हा वस्ती जेमतेम दहा हजार. 1735 ला लवजी वाडिया सुरतेहून गोदी बांधायला आले, 1853 ला रेल्वे, 1854 ला कावसजी दावरांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, मग अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाला सोन्याचा भाव आला. गिरणीच नसती तर तुमचे आजोबा बोटीतून उतरले कशाला असते? आणि सरकारनं काही केलं नाही हेही खोटं, वरळी-नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी कोणी बांधल्या?

लालबागचा नातू:
त्या 1920 च्या दशकात. 1896 ला प्लेगनं माणसं पटापट मेल्यावर 1898 मध्ये शहर सुधारायला सरकारचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद केले, ज्यांची घरं पाडली त्यातले कितीतरी शेजारच्या चाळीत कोंबले गेले. तोवर आम्हाला कोणी सांभाळलं?
आणि रेल्वे म्हणता, तर ती आणण्यात नाना शंकरशेठ होते, त्यांचं नाव तुमच्या यादीत का नाही?

कोळीवाड्याची:
दोघेही "आले, आले" करताय, आम्ही इथेच होतो. वरळी, माहीम, माझगाव, कुलाबा, मुळात गावं आमची, मुंबादेवी आमची. देऊळसुद्धा आधी बोरीबंदरच्या बाजूला होतं, तिथून हलवलं. आणि आज सर्व्हेवाले आले तर माझ्या आजीचं घर झोपडपट्टीत धरतात आणि बोंबील वाळत घालायची वलांडी नकाशात "मोकळी जागा"! दोनदा अर्ज केला, पोच मिळाली, उत्तर नाही.

लोकल डबा:
गिरण्या कोणी काढल्या ते सोडा, बंद कोणी पाडल्या ते बोला. 18 जानेवारी 1982, गिरणी संप, पुढारी दत्ता सामंत. अडीच लाख माणसं रस्त्यावर आणली आणि परतीची वाटच ठेवली नाही.

लालबागचा नातू:
हे वाक्य माझ्या घरात येऊन बोलून दाखवा. मालकांनी वर्षानुवर्षं जुनेच साचे चालवले, नवीन मशिनरीत पैसा घातला नाही, भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेतलं. आणि कामगाराला स्वतःची युनियन निवडायचीही सोय नव्हती, 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानं मान्यता एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, काँग्रेसच्या युनियनला.

लोकल डबा:
म्हणून वर्षभर उपाशी बसायचं? माझ्या काकांनी त्या संपात घरातली भांडी विकली. मी पाहिलंय, तुम्ही ऐकलंय.

जुना बदली:
मध्ये बोलतो, कारण मी होतो. परळच्या एका गिरणीत सात वर्षं बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी. रोज भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर आत, नाहीतर घरी. पोरगा झाला त्या दिवशीही गेटवरच होतो. आम्हाला सामंतांनी फसवून नेलं नाही, आम्हीच त्यांच्या दारात गेलो. पण हेही खरं, की सहा महिन्यांनी मागे फिरायला हवं होतं आणि तसं म्हणायची आमच्यात कोणाची छाती झाली नाही. मी गावी जाऊन भात लावला. संप मागे घेतल्याचं आजवर कोणी जाहीर केलं नाही. खानावळवालीची तीन महिन्यांची उधारी अंगावर होती, परत आलो तर ती बाईच चाळ सोडून गेलेली.

लोकल डबा:
काका, तुमच्याशी वाद नाही. सामंतांबद्दल माझं मत तेच आहे.

डोंगरीकर:
खानावळीवरून आठवलं, 1975 ला प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या हातातून सोडवायला. ठीक आहे, शहराच्या हिशेबात या बायका मी धरल्या नव्हत्या, तेवढं चुकलं. पैसा आधी आला, हे मात्र सोडणार नाही.

लालबागचा नातू:
पैसा आधी आला, मग निघून पण गेला ना? 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा पालिकेला, एक म्हाडाला (सरकारी घरबांधणीला), एक मालकाला असा हिशेब होता. 2001 ला तो फक्त मोकळ्या जागेपुरता केला, आणि गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? 2006 ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. आजोबांच्या गिरणीच्या जागी आज टॉवर आहे, वॉचमन मला गेटच्या आत सोडत नाही.

कोळीवाड्याची:
माझ्या वलांडीबद्दल अजून एकानंही लिहिलेलं नाही.

जुना बदली:
पोरी, अर्जाची पोच जपून ठेव. कोळीवाडा कुठला तुझा? वरळीचा असेल तर सकाळी येतो, चालत वीस मिनिटं.