मदत हवी आहे: पिशवी निघाली, पण घराबाहेर पडता येत नाही

नमस्कार मंडळी. वय ५३, राहणार नौपाडा, नोकरी महापेला. विषय संडासाचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा.

गेल्या वर्षी रेक्टमचा, म्हणजे गुदाशयाचा, कॅन्सर निघाला. आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन. आतड्याचा खालचा जोड भरून यावा म्हणून पोटावर तात्पुरती पिशवी होती, संडास तिच्यात जमायचा, ती चार महिन्यांपूर्वी काढली. रिपोर्ट क्लिअर. पेढे वाटले, सत्यनारायणही झाला. पूजेला भाऊ-वहिनी बसले, कारण मी सारखा आतबाहेर करत होतो.

तेव्हापासून दिवसाला बारा-चौदा वेळा जावं लागतं. सकाळी सहा ते आठमध्येच पाच-सहा फेऱ्या. झालं म्हणून पँट चढवावी तर पुन्हा कळ. आली की मिनिटभरही दम निघत नाही. नुसता वारा आहे की आणखी काही, तेही कळत नाही.

सर्जन म्हणाले, रेक्टम काढल्यावर होणाऱ्या या त्रासाला लार्स म्हणतात. रेक्टम म्हणजे साठवणीची जागा. ती काढून वरचं आतडं खाली ओढून जोडलंय, त्याला साठवायची सवय नाही, त्यात रेडिएशन झालेलं. वर्ष-दीड वर्षात बरंच सुधारतं म्हणाले. लोपेरामाइड (जुलाब आवरायची गोळी) चालू आहे.

पण कामावर जायचं कसं? ठाणे ते घणसोली लोकल, आणि लोकलमध्ये टॉयलेट नसतं. परवा रबाळ्याला धावत उतरलो, तरी उशीर झालाच. रिक्षात खाली पेपर घालून घरी आलो. रिक्षावाल्याला सांगितलं, पावसात भिजलोय.

आणि खरं सांगू? मला पिशवीची आठवण येते. पिशवी होती तेव्हा गडकरी रंगायतनला अख्खं नाटक बसून पाहिलं होतं. हे घरी बोललो तर बायको रडायला लागली. कॅन्सर गेला हे काय कमी आहे, असं सगळे म्हणतात. कमी नाहीच हो. पण.

प्रवासाचं कोणी कसं जमवलं? आणि कायमची पिशवी स्वतःहून परत मागितलेलं कोणी आहे का इथे?

खारघरवाली: दादा, माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. लार्सची पाच प्रश्नांची स्कोअरशीट असते, ० ते ४२. तीस किंवा जास्त म्हणजे मेजर, त्रास तीव्र. ती भरून घेऊन जा. नुसतं 'त्रास होतो' म्हटलं की डॉक्टर मान डोलावतात, आकडा दाखवला की खुर्ची पुढे ओढतात. आईची गोळी जेवणाआधी अर्धा तास असायची. तुमची वेळ आणि डोस विचारून घ्या. ओटीपोटाच्या तळाच्या (पेल्विक फ्लोअर) स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओ असतात, त्यांच्यासाठी चिठ्ठी मागा. आईला सगळ्यात जास्त फरक पडला तो खालून कोमट पाणी सोडून आतडं रिकामं करण्याने. सकाळी एकदा केलं की दुपारपर्यंत निवांत. स्टोमा नर्सने, म्हणजे पिशवीवाल्या पेशंटचं बघणाऱ्या नर्सने शिकवलं. जोड तपासल्याशिवाय घरी प्रयोग करू नका हं!

कळव्याचा काका: बेलाचा मुरंबा घ्या. हमखास.

धागाकर्ता: काका, आणला होता. मुलाने संपवला.

वाशीकर: मी नऊ वर्षं कायमच्या पिशवीवर आहे. माझा जोड करण्यासारखाच नव्हता, त्यामुळे निवड करायचा प्रश्न आला नाही. लोकल, लग्नं, ट्रेक सगळं चालू आहे. पिशवी मागणं म्हणजे हार नाही, पण चार महिन्यांत ठरवू नका, आधी बाकीचं करून बघा. पाण्याचं नाही जमलं तर नसेला सौम्य करंट देणारं उपकरणही असतं, विचारा. तोवर बॅगेत एक पँट, पॅड, ओले वाइप्स, आणि बुडाला झिंक ऑक्साइडचं मलम. हे कोणी सांगत नाही, पण आग आग होत असणार.

धागाकर्ता: होतेय हो. तुम्हाला कसं कळलं!

शीट भरली. ४२ पैकी ४१. शाळेत असे मार्क कधी पडले नाहीत. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय, बायकोही येतेय. साहेबांकडे अकराची वेळ मागितली, 'पोटाचं आहे' एवढंच सांगून. ते म्हणाले, बाहेरचं खाऊ नका.